लांब सेकंद

“चेंडूकडं बघ, तेक्ले. माणसांच्या तोंडाकडं बघायचं नाही. मैदानातल्या कुणाचंही बोट चेंडूला लागलं, की कळ दाबायची. बोट आपल्याचं का परक्याचं, हे बघायला वर देव बसलाय.”

बेनास हे बोलला तेव्हा त्याच्या हातात मेणबत्ती होती. फेब्रुवारीच्या सणाला चर्चमधून मंतरून आणतात आणि जाणाऱ्या माणसाच्या हातात देतात, ती. ती धरण्याइतकंही बळ त्याच्या बोटांत उरलं नव्हतं, म्हणून तेक्लेनं आपली मूठ त्याच्या मुठीवर आवळून धरली होती. नवऱ्याच्या शेवटच्या घटकेला बायकांच्या कानावर काय काय पडतं. कुणाला घराच्या कागदांची जागा कळते, कुणाला सवतीचं नाव. तेक्लेच्या वाट्याला हे आलं.

“आणि मी दिला तसा तू कुणाला देऊ नकोस,” तो म्हणाला. “वचन दे.”

तिनं दिलं. मेणाचा कढत थेंब तिच्या अंगठ्यावर पडला, पण तिनं हात हलवला नाही.

बेनासनं काय दिलं होतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तीस वर्षांपूर्वी गावचा ‘लिनास’ क्लब देशाच्या अजिंक्यपदासाठी राजधानी व्हिल्नियसच्या संघाशी खेळला. बास्केटबॉलच्या मैदानाशेजारच्या मेजावर घड्याळ चालू करायची कळ बेनासकडं होती. एका गुणानं मागे, आणि उरला होता एकच सेकंद. तेवढ्यात आपल्या पोरानं चेंडू झेलला, दोनदा आपटला, गिरकी घेतली, समोरच्याला चकवलं आणि टाकला. हे सगळं एका सेकंदात देवदूतालाही जमायचं नाही. बेनासचा अंगठा कळ न दाबता तिच्यावर तसाच राहिला होता. राजधानीच्या संघाचा कप्तान पंचांचे पाय धरून रडला, तर लोकांनी त्याला बियरच्या बाटल्या मारल्या. गावानं बेनासला चांदीचं मनगटी घड्याळ दिलं, मागच्या बाजूला क्लबच्या नावातलं जवसाचं फूल कोरलेलं. तेव्हापासून गावात लग्नाकार्यात कुणाला आणखी एक पेला हवा असला, की हाक यायची, “बेनास, जरा लांब सेकंद दे की रे!” तो हसायचा. घरी आला की घड्याळ काढून खणात टाकायचा. त्यानं त्याला कधी चावी दिली नाही.

तो गेल्यावर मेजामागच्या त्या खुर्चीत तेक्ले बसली. रीतसर परीक्षा दिली, परवाना घेतला. आता तिला सहा वर्षं झाली होती आणि वय होतं बासष्ट. रोज पहाटे उठून गुडघ्यांवर बसून जपमाळ ओढायची आणि मग स्वयंपाकघरातला नळ इतका बारीक सोडायची, की थेंब थेंब पडावा. हातात बेनासचं जुनं थांबघड्याळ. थेंब वाटीत पडला की दाबायचं, पुढचा पडला की दाबायचं. असे वीस थेंब. ताप असो, सण असो, हा नेम तिनं मोडला नव्हता. शेजारची व्लादा म्हणायची, “अगं, देवाचं नाव घेतेस ते कमी पडतं म्हणून आता नळाचीही पूजा का?”

तेक्ले म्हणायची, “नळ खोटं बोलत नाही गं.”

क्लबचा कप्तान स्कोमान्तास हा तिचा धर्मपुत्र. त्याची आई आल्दोना तिच्याबरोबर जवसाच्या सुताच्या गिरणीत कामाला होती. गिरणीच्या धुळीनं तिची छाती भरली आणि पोरगा नऊ वर्षांचा असताना ती गेली. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातांवर घेऊन उभी होती ती तेक्लेच, त्यामुळं पुढं त्याच्या डब्याची, बुटांची, तापाची काळजी तिच्याकडं आली. तिला स्वतःचं मूल नव्हतं. स्कोमान्तास आता चौतीस वर्षांचा होता, ताडमाड, उजव्या गुडघ्यात दोनदा चिरफाड झालेली. गावातल्या प्रत्येक सामन्याआधी तो मेजापाशी यायचा आणि बोटांच्या पेरांनी दोन टकटक करायचा. तेक्ले मान वर करायची नाही. मेजावर बसलेल्या माणसाला सगे नसतात, असं बेनासनं शिकवलं होतं.

त्या वर्षी क्लबला अकरा वर्षांनी युरोपच्या चषकात जागा मिळाली. ऑक्टोबरपासून दर बुधवारी गाव कामं आटोपून हॉलकडं नाहीतर टीव्हीकडं धावायचं. बुल्गारियाच्या संघाला हरवलं, पोर्तुगालच्या संघाला तिथं जाऊन हरवलं. लसणीवर तळलेल्या काळ्या पावाच्या कांड्या आणि बियर यांवर लोक जगत होते. मग डिसेंबरात तुर्कस्तानात नऊ गुणांनी हरले. तेक्लेनं तो सामना व्लादाकडं पाहिला. हरणं दिसत असताना आपल्या पोरांनी शेवटची दोन मिनिटं मान टाकली, उगाच दोन बास्केट खाल्ल्या.

“हरले ते हरले,” व्लादा म्हणाली. “पाचनं काय आणि नऊनं काय!”

“फरक पडतो,” तेक्ले म्हणाली. “दोघांचे गुण सारखे झाले, तर आपसातल्या सामन्यांतला फरक धरतात. मार्चमध्ये ते इथं येतील, तेव्हा आपल्याला दहानं जिंकावं लागेल.”

नाताळच्या आदल्या संध्याकाळी कुचोसच्या जेवणाला स्कोमान्तास नेहमीसारखा तिच्याकडं आला. मेजावर बारा पदार्थ, मांस नाही, दूध नाही. हेरिंग मासा, बीटचं सूप, खसखशीच्या पाण्यात भिजवलेली बिस्किटं. गेलेल्या माणसाचं ताट मांडतात तसं बेनासचं ताट मांडलेलं, त्यात मेणबत्ती. दोघांनी पवित्र पापडी एकमेकांच्या हातातून मोडून खाल्ली.

“धर्मआई, ओर्विदास म्हणतो पुढच्या फेरीत गेलो तर दोन वर्षांचा करार,” स्कोमान्तास म्हणाला. ओर्विदास म्हणजे क्लबचा संचालक. “नाही गेलो तर मेमध्ये नारळ. गुडघ्याची तिसरी शस्त्रक्रिया ज्याची त्यानं बघायची.”

“देव बघेल.”

“देवाकडं चेंडू नसतो गं.” तो हसला आणि बेनासच्या ताटाकडं वळून, पेला उंचावून म्हणाला, “काका, मार्चमध्ये अर्धा सेकंद कमी पडला तर द्या बरं का! सवय आहे तुम्हाला!”

तेक्लेला बोलायचं होतं. पण मेलेल्याच्या ताटासमोर वाद घालू नये, त्या रात्री आवाज चढवू नये, अशी तिच्या आईची शिकवण. शिवाय पोरगं हसत होतं, कितीतरी दिवसांनी. तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली आणि त्याच्या ताटात आणखी एक हेरिंग वाढला. त्या साली तिच्या हातून चूक झाली असेल तर ती हीच. पुढं सगळं गाव ज्या चुकीचं नाव घेणार होतं, ती नव्हे.

मार्चच्या दुसऱ्या बुधवारी तुर्कस्तानचा संघ आला. हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. स्कोमान्तासनं मेजावर टकटक केली. आणि पहिल्यांदाच वाकून हळूच म्हणाला, “ताटासमोरचं लक्षात आहे ना?” तेक्ले मान वर करेपर्यंत तो मैदानात गेला होता.

शेवटच्या मिनिटाला ‘लिनास’ सातनं पुढं होता. घड्याळात नऊ दशांश सेकंद उरले होते आणि चेंडू आपल्याकडं, बाजूच्या रेषेवरून आत टाकायचा. तीन गुणांचा एक फटका बसला की दहा. ढोल थांबले. तेक्लेच्या शेजारी चषकाचा निरीक्षक बसला होता, पोर्तुगालचा टक्कल पडलेला माणूस. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. तिनं अंगठा कळीवर ठेवला आणि डोळे चेंडूवर.

चेंडू सुटला. मध्ये तुर्कस्तानच्या संघातला अकरा नंबरचा लांब हातांचा क्रोएशियन पोरगा उडाला. चेंडू त्याच्या करंगळीला चाटून गेला. इतका पुसट, की चेंडूची वाट बदलली नाही, फक्त फिरणं बदललं. तेक्लेचा अंगठा खाली गेला. मग स्कोमान्तासनं चेंडू झेलला, उडी घेतली, हात वर नेला. बास्केटच्या फळीच्या कडेचे, वेळ संपल्याचे लाल दिवे लागले तेव्हा चेंडू अजून त्याच्या बोटांवर होता. तो सुटला, आणि कड्याला न लागता जाळीत पडला.

सहा हजार माणसं एका घशानं ओरडली. लोक खुर्च्यांवर चढले, अनोळखी माणसांचे मुके घेऊ लागले. पंच पडद्यापाशी गेले. पुन्हा पुन्हा पाहिलं. मग त्यांच्यातला मोठा वळला आणि दोन्ही हातांनी नाही अशी खूण केली.

सातनं जिंकले होते, आणि जिंकणारे मैदानात पालथे पडून रडत होते.

मोठ्या पडद्यावर तो क्षण पुन्हा दाखवला, तेव्हा सगळ्यांना दिसलं की स्कोमान्तासच्या हाताला चेंडू लागण्याआधीच घड्याळ चालू झालंय. करंगळी कुठल्याच कॅमेऱ्यात दिसत नव्हती. निरीक्षकानं तेक्लेला विचारलं, कळ कधी दाबलीस? इंग्रजीतले तिला येत होते तेवढे तीन शब्द ती बोलली. स्पर्श. अकरा. बोट. त्यानं तिच्याकडं क्षणभर पाहिलं आणि कागदावर लिहून घेतलं.

स्कोमान्तास मेजाशी आला. टकटक केली नाही. पहिल्या दहा रांगांना ऐकू जाईल असा ओरडला, “धर्मआई! मी अजून हातसुद्धा लावला नव्हता!”

पहिला बियरचा पेला तिच्या पाठीवर बसला. दुसरा कानावर. निरीक्षकानं स्वतःचा कोट तिच्या डोक्यावर धरला आणि तिला आतल्या दारानं नेलं.

रात्री टीव्हीवर स्कोमान्तासला विचारलं, तर तो डोळे पुसत म्हणाला, “ती मला आईच्या जागी आहे. म्हातारी झालीय, हात कापतो. माझी काही तक्रार नाही. मी तिला माफ केलंय.”

त्यानं तिला शिव्या दिल्या असत्या तर निदान चार माणसं तिच्या बाजूनं बोलली असती. पण त्यानं माफ केलं. ज्याचं नुकसान झालं तो एवढ्या मोठ्या मनाचा, मग गुन्हा नक्कीच झाला असणार. क्रोएशियन पोरानं तिकडं जाऊन सांगितलं, की हो, करंगळी लागली होती. लोक म्हणाले, तो म्हणणारच!

दुसऱ्या सकाळी तेक्लेच्या दारात एक बंद पडलेलं गजराचं घड्याळ ठेवलेलं होतं. तिला वाटलं कुणाचं पडलं असेल. तिसऱ्या दिवशी तीन होती. मग भिंतीवरची, मनगटावरची, काचा फुटलेली, काटे उपटलेली, सगळ्या जिन्यावर ओळीनं. लोकांनी माळे धुंडाळून आणली होती. ती खराटा घेऊन घड्याळं गोळा करायची आणि बादलीत भरायची. वरच्या मजल्यावरून पोरं ओरडायची, “म्हातारे, वाजले किती?” आणि त्यांच्या आया त्यांना आत ओढत नव्हत्या. बेकरीतल्या बाईनं तिला पाहून फळी लावून घेतली. व्लादानं फक्त एकदा दार उघडलं, साखळी न काढता.

“अगं तेक्ले, माझ्याकडं सारखी येऊ नकोस. माझा जावई क्लबात कामाला आहे.”

“मी दाबलेलं बटण चुकीचं नव्हतं, व्लादा.”

“बरोबर असेल. पण बरोबर असून तुला मिळालं काय? बेनास बघ, चुकीचा होता, तरी त्याच्या मयताला अख्खं गाव होतं.”

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या आदल्या शनिवारी संचालक ओर्विदास आला. पायात चकचकीत बूट, अंगाला अत्तर. मागे स्कोमान्तास, लंगडत. ओर्विदासनं मेजावर एक कागद ठेवला.

“तेक्लेबाई, आपण तक्रार केलीय. मंगळवारी व्हिल्नियसला सुनावणी. चषकाची माणसं येतायत. घड्याळवाल्याची चूक सिद्ध झाली तर सामना परत खेळवतील. तुम्ही इथं सही करायची. ‘वयोमानामुळं हात चुकला.’ एवढंच वाक्य.”

“हात चुकला नाही.”

“चुकला नाही हे कुणाला ठाऊक आहे? तुम्हाला आणि त्या क्रोएशियनला.”

“आणि स्कोमाला,” तेक्ले म्हणाली.

स्कोमान्तास खिडकीबाहेर बघत राहिला. खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

ओर्विदासनं खुर्ची पुढं ओढली. आवाज मऊ केला. “बाई, बेनासनं या गावाला अख्खा सेकंद दिला. स्वतःचा आत्मा गहाण टाकून दिला. तुमच्याकडं आम्ही सेकंद मागत नाही, नुसती सही मागतोय. काय जातंय तुमचं? खुर्ची? ती तशीही गेलीच. लोक मात्र उद्यापासून पाव देतील.”

तेक्लेनं कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, “मंगळवारी मी व्हिल्नियसला येईन. काय झालं ते सांगेन.”

“हां! असं बोला की!” ओर्विदासनं मेजावर थाप मारली. त्याच्या लेखी ‘झालं ते’ म्हणजे एकच, हात चुकला. “सही करून ठेवा. मंगळवारी आठला गाडी घेऊन येतो. काळा कोट घाला, म्हातारं दिसायला बरं.”

दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार. त्या देशात झावळ्या कुठल्या! लोक जुनिपरच्या काटेरी फांद्या मंतरून घेतात आणि मिस्सा झाल्यावर चर्चच्या अंगणात एकमेकांना हळूच मारतात. म्हणायचं असतं, “मी नाही मारत, फांदी मारते,” आणि मार खाणाऱ्यानं हसायचं असतं, कारण त्यानं वर्षभर निरोगी राहायचं असतं. तेक्लेनं बासष्ट वर्षांत हा दिवस चुकवला नव्हता. आत प्रार्थनेत शेजाऱ्याला शांतीचा हात द्यायची वेळ आली, तेव्हा तिनं डावीकडं हात पुढं केला, उजवीकडं केला. डावीकडच्या बाईनं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. उजवीकडचा माणूस खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या बुटाला नाडी नव्हती.

बाहेर पडली तर अंगणात दोन्ही बाजूंना रांग लागली होती. तिला आधी वाटलं, पाद्रीबाबांसाठी असेल.

पहिली फांदी पोटऱ्यांवर बसली. “मी नाही मारत, फांदी मारते,” एक आजीबाई हसून म्हणाली. दुसरी मानेवर. “मी नाही मारत, फांदी मारते!” तिसरी, चौथी. मारताना प्रत्येक जण हसत होता आणि प्रत्येक जण ते पवित्र वाक्य म्हणत होता, त्यामुळं थांबवणार कोण! ओर्विदासच्या बायकोनं हातमोजे काढले आणि गालावर मारली. काटे आडवे ओढले गेले. “निरोगी राहा हं, तेक्लेबाई.” रिवाजाप्रमाणं तेक्ले हसत राहिली. दुसरं काय करतात ते तिला ठाऊक नव्हतं. पाद्रीबाबा पायरीवर उभे राहून कुणाच्या तरी बाळाचं कौतुक करत होते.

रांगेच्या शेवटी स्कोमान्तास होता. त्याच्या हातातही फांदी होती. तेक्लेला वाटलं, हा तरी बाजूला होईल, निदान हळू मारेल. लहानपणी ती त्याला या दिवशी अंथरुणातच गुदगुल्या केल्यासारखी मारून उठवायची. त्यानं तिचा उजवा हात धरला, मूठ उघडली, अंगठा वेगळा केला, आणि त्यावर फांदीचं जाड टोक सगळी ताकद लावून हाणलं.

“मी नाही मारत,” तो म्हणाला. पुढचं वाक्य त्यानं म्हटलं नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी दुपारी तो एकटा आला. किल्ली कुंडीखाली असते हे त्याला ठाऊक होतं, तरी दार वाजवलं. तेक्लेचा अंगठा सुजून काळानिळा झाला होता. तिनं उपवासाचं बीटचं सूप केलं होतं, ते गरम करून त्याच्यापुढं ठेवलं. तो ते सगळं प्याला. मग बशी सरकवून म्हणाला,

“लागली होती करंगळी. मला कळलं. चेंडू हातात आला तो उलटा फिरत आला. मग? पुढं काय?”

तेक्ले त्याच्या गुडघ्याकडं बघत होती. पायजम्यातूनही सूज दिसत होती.

“तू टीव्हीवर मला माफ केलंस,” ती म्हणाली.

“मग काय म्हणायला हवं होतं? मला मेमध्ये काढतील. या पायावर मला कोण उभं करेल? गोदामात ओझी वाहू? तुझ्या एका सहीनं सगळं होतंय. कुचोसला ताटासमोर मी अर्धा सेकंद मागितला, तेव्हा तू नाही म्हणाली नाहीस. गप्प बसलीस. गप्प बसणं म्हणजे हो. मी तीन महिने त्या होकारावर खेळलो, धर्मआई. इंजेक्शनं टोचून टोचून खेळलो.”

“तेव्हा बोलायला हवं होतं मी. ते माझं चुकलं.”

“मग तेवढं तरी भरून काढ!”

“ते वेगळं, स्कोमा. हे वेगळं.”

तो उठला. छताला डोकं टेकेल एवढा उंच. “मेलेल्या म्हाताऱ्याला दिलेला शब्द पाळायचा आणि जिवंत पोराला लंगडं करून सोडायचं. छान. बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातावर घेऊन तू पण काहीतरी शब्द दिलाच असशील ना? कुणाला दिला? देवाला? का तेव्हाही तू चेंडूकडं बघत होतीस?” दारात तो थांबला. “आईच्या छातीत धूळ गेली. तुझ्या का नाही गेली गं? दोघी एकाच खात्यात होतात.”

तो जिना उतरत असताना प्रत्येक पायरीला उजवा पाय ओढल्याचा आवाज येत होता. तेक्ले शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत राहिली.

मग कागद पुढं घेऊन बसली. पेन उचललं. सुजलेल्या अंगठ्यात पेन ठरत नव्हतं, म्हणून दोन बोटांत धरलं आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. अगदी नीट आलं. बाहेर चांगलं ऊन होतं. तिनं पेन खाली ठेवलं, कपडे भिजवले, वाळत घातले, बादलीतली घड्याळं पुसली. एक छोटं हिरवं घड्याळ नुसतं चावी संपून बंद पडलं होतं. चावी दिली तर चालू झालं. कुणी आणलं होतं कुणास ठाऊक, बिचाऱ्यानं चुकून चांगलं आणलं. तिनं ते खिडकीत ठेवलं. कागदाकडं ती पुन्हा गेली नाही, पण तो फाडलाही नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण नेमका काय शब्द दिला होता, तो ती आठवत होती. सैतान आणि त्याची सगळी कृत्यं यांचा त्याग करतेस का, असं पाद्रीबाबांनी विचारलं होतं. बाळाच्या वतीनं ती हो म्हणाली होती. बाळ तेव्हा झोपलेलं होतं.

मंगळवारी ती चार वाजता उठली. गुडघे टेकून जपमाळ ओढली. मग नळ बारीक सोडला आणि थांबघड्याळ हातात घेतलं. अंगठा वाकवला की डोळ्यांपुढं अंधारी येत होती. थेंब पडला, दाबलं. पडला, दाबलं. वीस थेंब. शेवटी काट्याकडं पाहिलं. रोज असायचं तितकंच. हात कापत नव्हता. आज तो थोडा तरी कापायला हवा होता, असं तिला वाटून गेलं, आणि ते वाटल्याबद्दल तिनं छातीवर क्रूसाची खूण केली.

पातेल्यात सूप उरलं होतं. स्कोमान्तास आठला ओर्विदासच्या गाडीतून येईल तेव्हा उपाशीच असेल, सामन्याच्या नाहीतर कामाच्या दिवशी तो सकाळी खात नसे. तिनं पातेलं झाकून शेगडीवर ठेवलं, बाजूला चमचा आणि पावाची जाड फोड. मेजावर तो कागद, त्यावर तिच्या नावाचं एकच अक्षर. वाऱ्यानं उडू नये म्हणून खणातून चांदीचं घड्याळ काढलं आणि जवसाचं फूल वर येईल असं त्यावर पालथं ठेवलं. काळा कोट होता, पण तिनं राखाडी घातला.

व्हिल्नियसला ते विचारतील, कुणाचा स्पर्श? ती सांगेल. मग विचारतील, हे आणखी कुणाला ठाऊक होतं? तेही सांगावं लागेल.

किल्ली तिनं कुंडीखाली ठेवली. जिन्यावर रात्रीतून आलेली दोन घड्याळं होती, ती पायानं हळूच कडेला सारली, कुणी अडखळू नये म्हणून. पहिली बस पाच चाळीसला सुटायची. रस्त्यावर अजून कुणी नव्हतं. सुजलेला हात कोटाच्या खिशात, थांबघड्याळावर ठेवून, ती गिरणीच्या पडक्या भिंतीच्या कडेकडेनं बसथांब्याकडं चालू लागली.